घड्याळातल्या ६४० कॅलरी आणि गाड्यावरचा भाजी-पाव

प्रश्न : मी ४४ वर्षांची, गोव्यात बार्देशातल्या एका प्राथमिक शाळेत शिक्षिका. यजमान ४७ चे, त्यांचं काम बसून. डिसेंबरात त्यांची रक्ततपासणी झाली, त्यात एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ६.२ आली. डॉक्टर म्हणाले, मधुमेह अजून झालेला नाही, पण दारात उभा आहे, वजन उतरवा. जानेवारीपासून आम्ही दोघं म्हापशातल्या एका जिमला जातो, आठवड्याला पाच दिवस, संध्याकाळी. ट्रेडमिलवर शेजारी-शेजारी, ताशी साडेपाच किलोमीटर, पाऊण तास. मी सपाट चालते, ते सहा टक्के चढ लावतात. शेवटी माझ्या मशीनवर २०५ कॅलरी दिसतात, त्यांच्या मशीनवर ४१५. त्यांच्या मनगटावर भावानं आखातातून आणलेलं घड्याळ आहे, ते त्याच चालण्याचे ६४० सांगतं. जानेवारीत ५२० सांगायचं. घड्याळ महागाचं, म्हणून तोच आकडा खरा, असं त्यांचं म्हणणं. परतताना गाड्यावर थांबून भाजी-पाव, मिरची भजी, चहा. मी काही बोलले की म्हणतात, "साडेसहाशे जाळून आलोय, चारशे खाल्ले तर काय बिघडलं?" पाच महिन्यांत त्यांचं वजन ८६ चं ८६ च आहे. माझं ६० वरून ५८ झालं. तरी मलाच ऐकवतात, तू अंग चोरतेस म्हणून तुझा आकडा लहान. आता मलाही तसंच वाटू लागलंय. अकरावीतल्या मुलानं मोबाइलवर हिशेब केला तर चौथाच आकडा आला. खरा आकडा कुठला? आणि त्यांचा खोटा निघाला तर सांगू की नको? त्या आकड्याच्या नादानं का होईना, ते जिमला येतात. तो हातचा गेला तर पुन्हा सोफ्यावर बसतील, ही भीती आहे.

ताई,

सगळ्यात आधी ते 'अंग चोरतेस' मनातून काढून टाका. बाकीचं मग बघू.

चालताना माणूस स्वतःचंच ओझं वाहत असतो. मांडवीतून खनिज भरून निघालेली बार्ज आणि माल उतरवून परतणारी रिकामी बार्ज एकाच वेगानं गेल्या तरी डिझेल सारखं लागत नाही, आणि म्हणून रिकाम्या बार्जला कुणी कामचुकार म्हणत नाही. तुमचं वजन ५८, यजमानांचं ८६. त्यात त्यांच्या पट्ट्याला चढ, तुमचा सपाट. तुमचा आकडा लहान येणारच. तो मोठा आला असता तर मी म्हटलं असतं, मशीन बिघडलंय.

आता हिशेब करू. मी बरीच वर्षं शारीरिक शिक्षण शिकवलं, वर्गात फळ्यावर करायचे तसाच करते. तुमच्या मुलालाही जवळ बसवा, त्याला आवडेल. व्यायामाच्या शास्त्रात 'मेट' नावाचं एक माप आहे. स्वस्थ बसलेल्या माणसाचा खर्च म्हणजे १ मेट, आणि ढोबळमानानं तो दर किलो वजनाला तासाला १ कॅलरी. (बोलताना आपण कॅलरी म्हणतो ती शास्त्रातली किलोकॅलरी.) कुठल्या कामाला किती मेट लागतात याचं मोठं कोष्टक बार्बरा एन्सवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलं आणि पुढे वेळोवेळी सुधारलं. पुष्कळ ॲपांचे हिशेब त्यावरच उभे असतात. मुलाचा चौथा आकडा बहुधा तिथूनच आला. ट्रेडमिलसाठी अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनचं सूत्र आहे, त्यात वेग आणि चढ घातला की मेट निघतात. ताशी साडेपाच किलोमीटर, सपाट पट्टा : ३.६ मेट. गुणिले ५८ किलो, गुणिले पाऊण तास. उत्तर १५७.

पण तुमच्या मशीनवर २०५ येतात. तुम्ही वजन न घालता थेट सुरू करण्याचं बटण दाबत असाल, असं मला वाटतं. तसं केलं की अनेक मशिनी आपल्या पोटात भरून ठेवलेलं एक ठरावीक वजन धरून चालतात. ७५ किलो धरून हाच गुणाकार करून बघा, २०३ च्या आसपास येईल. म्हणजे त्या पट्ट्यावर पाच महिने तुम्ही चालताय आणि मशीन दुसऱ्याच कुणाचा हिशेब लिहितंय. ही गोष्ट फक्त ट्रेडमिलची नाही. रोइंगच्या एका नावाजलेल्या मशीनचे निर्माते तर उघड सांगतात की पडद्यावरचा कॅलरीचा आकडा १७५ पौंडांच्या, म्हणजे साधारण ७९ किलोच्या माणसासाठी आहे, तुमचं वजन वेगळं असेल तर वेगळा हिशेब करा. किती जण करतात?

यजमानांच्या मशीनवरचे ४१५ मात्र सूत्राला धरून आहेत. सहा टक्के चढाला साधारण साडेसहा मेट पडतात, ८६ किलो आणि पाऊण तासानं गुणलं की ४१५ च्या आसपासच उत्तर येतं. त्यांनी वजन घातलेलं दिसतं. पण इथे एक गोष्ट विचारते, जी तुमच्या पत्रात नाही. चढ लावल्यावर ते समोरचा दांडा धरतात का?

कुठल्याही जिममध्ये जा आणि ट्रेडमिलच्या दांड्यावरचं रबर बघा. दोन्ही हात जिथे पडतात तेवढीच जागा घासून गुळगुळीत झालेली असते. चढ लावायचा, मग दांडा घट्ट धरून मागे रेलायचं, की अंग पुन्हा पट्ट्याशी काटकोनात येतं. पाय चढावर असल्यासारखे दिसतात, पण अंगाचा भार वर चढवायचं काम उरत नाही, तो भार हातांवर आणि मशीनवर जातो. सूत्राला हे कळत नाही. त्याला फक्त वेग आणि चढ दिसतो. म्हणून हात सोडून चालले तर ४१५, तेच सपाटीवर असते तर २३०, आणि दांडा धरून चढ चालले तर या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. त्यातूनही पाऊण तास ते घरी नुसते बसून राहिले असते तरी ६५ कॅलरी गेल्याच असत्या, त्या वजा करायला हव्यात. जिममुळे जादा गेल्या त्या मग दोनशेपासून साडेतीनशेपर्यंत कुठेतरी बसतात. दांडा धरत असतील तर खालच्या टोकाकडे.

आणि घड्याळ म्हणतं ६४०.

त्याचा अर्थ काढून बघितला तर ८६ किलोच्या माणसाला पाऊण तासात ६४० म्हणजे जवळजवळ दहा मेट. एन्सवर्थ यांच्या कोष्टकाच्या २०११ च्या आवृत्तीत ९.८ मेट कशासमोर आहेत? ताशी साधारण ९.७ किलोमीटर वेगानं धावण्यासमोर. पाऊण तासात सव्वासात किलोमीटर, न थांबता. म्हापशाहून पळत सुटून जवळजवळ पर्वरी गाठण्यासारखं. यजमान तुमच्या शेजारी चालत होते. तुम्हीच साक्षीदार आहात.

घड्याळ खोटं बोलतं असं मी म्हणणार नाही. ते कॅलरी मोजतच नाही, मोजू शकत नाही. त्याच्या पाठीला हिरवा दिवा असतो. तो कातडीखालच्या रक्तावर उजेड टाकतो आणि परत येणाऱ्या उजेडाच्या कमी-जास्तीवरून नाडीचे ठोके ओळखतो. ठोके, वय, वजन, उंची, हाताची हालचाल यांवरून आतलं सूत्र अंदाज बांधतं. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी सात प्रकारची मनगटी यंत्रं साठ जणांच्या हातावर बांधून तपासली. नाडी मोजण्यात सातपैकी सहांची चूक पाच टक्क्यांच्या आत होती, हे खरंच कौतुकाचं. कॅलरीत मात्र सगळ्यात चांगल्या यंत्राची सरासरी चूक २७ टक्के निघाली आणि सगळ्यात वाईटाची ९३ टक्के. यंत्रं तेव्हापासून सुधारली आहेत, पण रीत तीच आहे : नाडीवरून अंदाज. महाग घड्याळ नाडी अधिक नेटकी मोजेल. नाडीवरून कॅलरीकडे उडी मारताना जी गफलत होते ती पैशानं भरून निघत नाही.

आणि त्या गफलतीचं कारण तुम्ही स्वतःच पत्रात लिहून पाठवलंय. जानेवारीत ५२०, आता ६४०. वेग तोच, चढ तोच, वेळ तीच, वजन तेच. मग १२० कॅलरी आल्या कुठून? पाच महिने नेमानं चालणाऱ्याचं हृदय सुधारतं, त्याच कामाला ठोके कमी लागतात, म्हणजे घड्याळाचा आकडा उतरायला हवा होता. तो चढला. कारण मधे गोव्याचा मे महिना आला. हवा दमट, घाम निथळतो पण सुकत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. मग शरीर रक्त कातडीकडे पाठवतं, घामात पाणी जातं, आणि स्नायूंना तेवढंच रक्त पुरवण्यासाठी हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. नाडी १२० ची १४० होते. पायांनी जादा काम केलेलं नसतं. घड्याळ मात्र समजतं, गडी जोरात पळायला लागला. पंख्यावर चालणाऱ्या जिममध्ये मे महिन्यात हा घोळ हटकून होतो. निघण्यापूर्वी घेतलेली कडक कॉफी, पट्टा सैल असणं, यांनीही आकडा हलतो. वजनं उचलताना तर जास्तच : दम कोंडून डंबेल उचललं की नाडी वर जाते, पण प्राणवायूचा खर्च त्या मानानं वाढत नाही.

'खरा आकडा कुठला' या तुमच्या प्रश्नामागे असं गृहीत आहे की तो कुठेतरी लिहून ठेवलेला आहे आणि योग्य यंत्र मिळालं की वाचता येईल. शिकत असताना आमच्या प्रयोगशाळेत तो मोजायचा प्रयत्न माझ्यावरच झाला होता. नाकाला चिमटा, तोंडात रबरी तुकडा, त्याला जाडजूड नळी आणि नळीच्या टोकाला खांद्याएवढ्या उंचीची पिशवी. स्टेपरवर चढ-उतर करताना सोडलेला श्वास त्या पिशवीत साठवायचा, मग त्यातला प्राणवायू आणि कार्बन डायऑक्साइड मोजायचा. तोंडातून लाळ गळत होती, गिळता येत नव्हतं, आणि सर घड्याळ धरून म्हणत होते, अजून दोन मिनिटं. दहा मिनिटांच्या कामाचा आकडा काढायला आमची अख्खी दुपार गेली. आणि तो आकडा माझा, त्या दिवसाचा, त्या दहा मिनिटांपुरता. तुमच्या कामाचा नाही.

मेटचा जो पाया आहे तोही असाच एका माणसाचा. स्वस्थ बसलेलं शरीर मिनिटाला किलोमागे ३.५ मिलिलिटर प्राणवायू घेतं, हा आकडा मूळचा चाळीस वर्षांच्या, ७० किलोच्या एका पुरुषावरून आला. २००५ मध्ये ७६९ जणांवर मोजमाप प्रसिद्ध झालं, त्यात सरासरी निघाली २.६. म्हणजे मी वर फळ्यावर केलेला हिशेबही बहुतेकांच्या बाबतीत थोडा चढाच आहे, विशेषतः बायका, वयस्क आणि अंगात चरबी जास्त असलेल्यांच्या बाबतीत. मी तो अशासाठी केला, की तुम्हा दोघांना आकड्यांचा अदमास यावा. दोनशे-तीनशेच्या घरातली गोष्ट आहे की साडेसहाशेच्या, एवढं कळलं तरी पुरे.

त्याच्याही पुढे एक गोम आहे. जिममध्ये जादा गेलेल्या सगळ्या कॅलरी दिवसाच्या हिशेबात जादा राहतातच असं नाही. हर्मन पॉन्ट्झर आणि सहकाऱ्यांनी टांझानियातल्या हाड्झा लोकांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. शिकार आणि कंदमुळांसाठी दिवसभर पायपीट करणारे हे लोक. शरीराच्या आकारमानाचा हिशेब धरला तर त्यांचा दिवसाचा एकूण खर्च पाश्चात्त्य शहरी माणसाच्या खर्चापेक्षा फारसा वेगळा निघाला नाही. शरीर इकडे खर्चलं की तिकडे हात आखडतं. घरात आपण काय करतो? संध्याकाळी पाऊण तास चाललो म्हणून रात्री उठून पाण्याचा तांब्यासुद्धा मुलाला आणायला सांगतो.

आता गाड्याकडे येऊ. यजमान चारशे म्हणतात. माझ्या अंदाजानं दोन पावांचेच अडीचशे होतात. पातळ भाजीत खोबरं आणि तेल, त्याचे दीडशे धरू. मिरची भजी किती तेल पिते ते तळणाऱ्याच्या कढईवर, पण तेलाच्या एका ग्रॅमला नऊ कॅलरी, म्हणजे पंधरा ग्रॅम तेल पोटात गेलं तरी १३५, बेसन वेगळं. वर साखरेचा चहा. पाचशेच्या खाली हे जात नाही, सहाशेही होतील. कमावले दोन-तीनशे, खाल्ले पाच-सहाशे. ८६ चे ८६ का राहिले, याला थायरॉइडची तपासणी करायची गरज नाही. आणि तुमचे दोन किलो का उतरले, तेही इथेच आहे. तुम्ही आकडा खात नाही. घरी येऊन नेहमीची शीतकडी, मासे, भाजी जेवता.

भाजी-पावावर माझा राग नाही. पहाटे पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू ऐकत मोठी झालेली मी बाई आहे, गरम उंड्याला मी नाही म्हणत नाही. राग आहे तो कॅलरीच्या आकड्याचा परवाना करण्यावर. आकडा दुप्पट फुगलेला, आणि त्याच्या जोरावर खाल्लेला पाव मात्र खराखुरा, अशी ही देवघेव आहे. त्यात नुकसान दर वेळी आपलंच होतं.

आणखी एक गोष्ट मला तळमळीनं सांगायची आहे. यजमान जिमला जातात ते ६४० साठी नाही, ६.२ साठी. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या अलीकडची पायरी, आणि तिथून मागे फिरता येतं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात सगळ्यात जास्त आपल्या गोव्यात निघालं, २६.४ टक्के. चारांत एक. आपल्या प्रत्येकाच्या घरात, शेजारी, मंदिराच्या पंगतीत हा माणूस बसलेला आहे. अशा वेळी चालण्याचा खरा उपयोग काय, तर काम करणारा स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न बघता ओढून घेतो, आणि व्यायामानंतर एक-दोन दिवस इन्सुलिन अधिक चांगलं काम करतं. वजन उतरलं नाही तरी हा लाभ मिळतो. तो घड्याळावर दिसत नाही, कॅलरीत मोजता येत नाही. तेव्हा यजमानांचे पाच महिने वाया गेले, असं कृपा करून समजू नका आणि त्यांना तसं म्हणू नका. त्यांनी खूप केलंय. फक्त व्यायाम संपताक्षणी मैद्याचे दोन पाव आणि साखर ओतून ते आपल्याच कामावर पाणी टाकतात.

मग सांगायचं की नाही? सांगायचं. पण 'तुमचं घड्याळ खोटं' असं नाही. त्यानं भांडण होईल आणि भावाच्या भेटवस्तूचा अपमान होईल. तुम्हाला भीती आहे की आकडा गेला तर ते सोफ्यावर बसतील. मला तसं वाटत नाही. ज्या माणसाला आकड्यांची एवढी गोडी आहे त्याला अधिक चांगले आकडे दिले तर तो ते धरेल. आणि ते त्याचे त्याला सापडले तर आणखी घट्ट धरेल.

एका संध्याकाळी त्यांना सहज म्हणा, आज दांडा न धरता चालून बघू या, मीही चढ लावते. सहा टक्के जमणार नाही, कदाचित तीनवर यावं लागेल, वेगही कमी करावा लागेल. लागू दे. पडायची भीती वाटली तर बोटं टेकवा, पण रेलू नका. मशीनवरचा आकडा उतरेल, पण पोटऱ्या आणि मांड्या दुसऱ्या दिवशी सांगतील की काम कुठल्या दिवशी जास्त झालं. हा अनुभव माझ्या पानभर लिहिण्यापेक्षा मोठा आहे.

मग पाऊस नीट सुरू झाला, हवा जरा उतरली, की त्याच वेगावर, त्याच चढावर घड्याळ काय सांगतं ते मुलाला लिहून ठेवायला सांगा. शेजारी नाडीचाही रकाना. चार-सहा दिवसांच्या नोंदीत दिसेल की आकडा नाडीमागे आणि हवेमागे पळतोय. अकरावीचा मुलगा बापाला हे समजावून देईल तेव्हा बाप ऐकेल. बायकोचं ऐकणं आणि मुलाचं ऐकणं यात आपल्या घरांतून फरक असतो, तो बदलेल तेव्हा बदलेल, आज त्याचा उपयोग करून घ्या.

घड्याळ काढून ठेवायला सांगू नका. त्यातलं जे खरं आहे ते वापरा. नाडी ते चांगली मोजतं. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वीची नाडी दर आठवड्याला लिहा, महिना-दोन महिन्यांत ती हळूहळू उतरताना दिसली तर हृदय सुधारल्याची खूण. त्याच वेगाला, त्याच हवेत चालताना ठोके किती, हा दुसरा आकडा. चालताना सलग वाक्य बोलता येतं का, हा तिसरा, त्याला यंत्रही लागत नाही : बोलता येतं पण गाता येत नाही, एवढा जोर म्हणजे मध्यम व्यायाम. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांप्रमाणे असा व्यायाम आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं हवा आणि दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा. तुम्ही दोघं पाच दिवस पाऊण तास, म्हणजे २२५ मिनिटं आधीच करता आहात. ताकदीचे दोन दिवस पत्रात दिसले नाहीत, ते घाला. चालण्यातला एक दिवस कमी झाला तरी चालेल. साखर ओढून घेणारे स्नायूच आहेत, ते वाढवायला हवेत.

कमरेला टेप लावा. भारतीय पुरुषाला ९० सेंटिमीटर, बाईला ८० ही मर्यादा मानतात. वजन रोज सकाळी एकाच वेळी घ्या, पण त्या दिवसाच्या आकड्यावर बोलू नका, आठवड्याची सरासरी काढा. आपल्याकडे जिमहून आल्यावर वजन केलं तर किलोभर उतरलेलं दिसतं, ते सगळं पाणी असतं, दोन ग्लासांत परत येतं. चार आठवड्यांची सरासरी हलली नाही, तर खाणं आणि खर्च जुळलेले आहेत असं समजायचं, घड्याळ काहीही म्हणो. आणि एचबीएवनसी साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगते. डिसेंबरनंतर ती पुन्हा केली नसेल तर आता करा. डॉक्टरांना विचारून तीन महिन्यांनी पुन्हा करा. तो आकडा भिंतीवर लावण्यासारखा आहे.

गाड्याचं काय करायचं? बंद करा म्हणून सांगाल तर ते चोरून खातील. जिम आणि गाडा ही जोडी मात्र तोडा. व्यायामानंतर भूक लागते ती खरी असते, तिला घरी काहीतरी तयार ठेवा : आदल्या रात्री भिजवलेल्या मुगाची उसळ, उकडलेली अंडी, ताक. घरी येऊन लगेच जेवायचीच वेळ करता आली तर सगळ्यात उत्तम, पाऊण तास आधी जेवल्यानं मुलाचंही काही बिघडणार नाही. आणि भाजी-पाव आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी, तिघांनी मिळून, काही जाळलंय म्हणून नव्हे, आवडतो म्हणून खायचा. तुम्हीही खायचा. आतापर्यंत तुम्ही गाड्यापाशी पोलिसासारख्या उभ्या राहत असाल आणि ते खात असतील, हे चित्र मला फार वाईट वाटलं.

याच विषयावर इतरांचीही पत्रं असतात, त्यांच्यासाठी थोडं. जिममधल्या सायकलवर वॅटचा आकडा दिसत असेल तर त्याच्यावर बराच विश्वास ठेवता येतो, कारण ते तुमच्या पायांनी केलेलं काम असतं. १०० वॅटनं अर्धा तास म्हणजे १८० किलोज्यूल काम. शरीर आपल्या इंधनातला पाव हिस्सा, कधी त्याहून कमी, कामाला लावतं आणि बाकीची उष्णता होते. गंमत अशी की त्यामुळे किलोज्यूलचा आकडा आणि जळालेल्या कॅलरींचा आकडा जवळजवळ सारखाच येतो, १८० च्या आसपास. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर नाडी दबलेली राहते, तिथे घड्याळ उलट कमी सांगेल. त्याच्या मागे लागून जोर वाढवू नका. इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर व्यायामापूर्वी-नंतर काय खायचं ते डॉक्टरांशी ठरवा, माझी मुगाची उसळ तिथे पुरणार नाही.

आणि काही मुलींची पत्रं यजमानांच्या अगदी उलट असतात. पाचशे भरले नाहीत म्हणून रात्री अकराला खोलीत येरझारा घालणाऱ्या, चवथीला दोन नेवऱ्या खाल्ल्या म्हणून दुसऱ्या दिवशी उपाशी राहून दोन तास क्रॉस ट्रेनरवर घालवणाऱ्या. त्यांना मी एवढंच म्हणेन की ज्या आकड्यापायी तुम्ही झोप घालवताय तो चुकीचा आहे. महिनाभर यंत्रावर पट्टी चिकटवा, फक्त मिनिटं मोजा. तेवढंही जमत नसेल, आकडा न बघता जीव घाबरत असेल, तर घरातल्या कुणाला तरी सांगा आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. यात लाजण्यासारखं काही नाही.

ताई, उद्या ट्रेडमिलवर चढाल तेव्हा सुरू करण्यापूर्वी वजनाच्या जागी ५८ घाला. शेवटी पडद्यावर १५७ च्या आसपास काहीतरी दिसेल, आतापेक्षा पन्नासनं कमी. यजमान शेजारून बघतील, कदाचित बोलतीलही. तेव्हा त्यांना सांगा, की जानेवारीपासून माझे दोन किलो याच आकड्यानं उतरवले.